शाळेवरचा कौल

कॅलिफोर्नियात घराच्या मालमत्ता कराचं बिल ऑक्टोबरच्या आसपास हातात पडतं. पहिला हप्ता १ नोव्हेंबरपासून देय होतो आणि १० डिसेंबरनंतर दंड लागतो. त्यामुळे फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो इथल्या मराठी घरांत फराळ आणि कराचा हप्ता बहुधा एकाच सुमारास येतात. बिलात वरची मोठी ओळ घराच्या सरकारदरबारी नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्याची असते. तिच्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही ओळी असतात. फ्रीमाँटच्या बिलात त्या स्थानिक शाळांच्या, ओलोनी कम्युनिटी कॉलेजच्या, बार्ट रेल्वेच्या असतात, आणि प्रत्येकीपुढे दशांशचिन्हानंतरचा एक बारीकसा दर. भारतातून नव्याने गेलेल्या माणसाला ते किरकोळ उपकर वाटतात. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक ओळींमागे एखादी निवडणूक असते. जून २०१४ मध्ये फ्रीमाँटच्या मतदारांनी 'मेजर ई' मंजूर केलं आणि आपल्या शाळांना ६५ कोटी डॉलर कर्ज काढायची परवानगी दिली. तेव्हापासून ते कर्ज शहरातल्या घराघरांतून फिटतं आहे.

अमेरिकेतली सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतं. देशभरात अशी सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचं निवडून आलेलं मंडळ असतं, स्वतंत्र अंदाजपत्रक असतं. पगार आणि रोजचा खर्च चालू उत्पन्नातून भागतो. छप्पर बदलायचं, नवी इमारत बांधायची, तर रोखे काढायचे. गुंतवणूकदार हे रोखे आनंदाने घेतात, कारण त्यांच्या व्याजावर सहसा केंद्राचा आयकर लागत नाही. म्हणून शाळेलाही कर्ज स्वस्त पडतं. फेड पंचवीस-तीस वर्षं चालते आणि ती मालमत्ता करात भर घालून होते. कर वाढणार म्हणून बहुसंख्य राज्यांत आधी मतदारांना विचारावं लागतं. (पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा पुणेकरांना कुणी मतदान केंद्रावर बोलावलं नव्हतं. पुणेकरांनी काय कौल दिला असता, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

कॅलिफोर्नियात शाळेची इमारत बांधणं मुळातच खर्चाचं काम आहे. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी सहाला काही मिनिटं असताना लाँग बीचला भूकंप झाला. ७० शाळा जमीनदोस्त झाल्या, आणखी १२० शाळांची मोठी पडझड झाली. मुलं तेव्हा घरी होती, एवढंच नशीब. महिन्याभरात राज्याने 'फील्ड कायदा' केला. सरकारी शाळेचे आराखडे राज्याच्या स्थापत्य विभागाने तपासायचे आणि बांधकामावर सतत निरीक्षक ठेवायचा, ही पद्धत तेव्हापासूनची. इमारती भक्कम झाल्या, महागही झाल्या.

मग आलं १९७८. हॉवर्ड जार्विस या करविरोधी पुढाऱ्याने 'प्रपोझिशन १३' मतदारांपुढे आणलं आणि ते दणक्यात मंजूर झालं. मालमत्ता कर नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर गोठला. ती किंमतही वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. बाजारभाव लागू होणार तो घर विकलं गेल्यावरच. एक टक्क्याच्या वर सूट होती ती फक्त जुन्या कर्जांना, त्यामुळे शाळांना नवे रोखे काढायची वाटच बंद झाली. ती १९८६ मध्ये उघडली, पण दोनतृतीयांश मतांच्या जुन्या अटीसह. म्हणजे शंभरातल्या ६६ जणांनी 'दुरुस्ती करा' म्हटलं तरी उरलेल्या ३४ जणांचंच चालणार.

लॉस एंजेलिसला ही अट फार जवळून भोगावी लागली. सुमारे तीन दशकं तिथे एकही नवं मोठं हायस्कूल उभं राहिलं नव्हतं आणि मुलं मात्र वाढतच होती. शहराच्या आग्नेयेकडच्या बेल, साउथ गेट, हंटिंग्टन पार्क या दाट, कष्टकरी, मुख्यतः मेक्सिकन वस्त्यांत शाळा बारमाही चालवल्या जात. मुलांचे तीन गट पाडायचे. दोन गट वर्गात, तिसरा सुटीवर, आळीपाळीने, वर्षभर. 'कन्सेप्ट सिक्स' नावाच्या या वेळापत्रकात एका मुलाच्या वाट्याला शाळेचे १८० ऐवजी १६३ दिवस यायचे. रोज थोडा वेळ वाढवून तास जुळवून घेत. कागदावर हिशेब चोख. पण एखाद्या गटाची लांब सुटी नेमकी महत्त्वाच्या परीक्षांच्या तोंडावर यायची, आणि जागा नाही म्हणून हजारो मुलं रोज बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची.

नोव्हेंबर १९९६ मध्ये डिस्ट्रिक्टने २४० कोटी डॉलरच्या रोख्यांसाठी कौल मागितला. बहुमत भरघोस मिळालं आणि प्रस्ताव पडला. दोनतृतीयांशाला अगदी थोडक्यात कमी पडलं होतं. पाच महिन्यांनी, एप्रिल १९९७ मध्ये, तोच प्रस्ताव पुन्हा मांडला आणि या वेळी ७१ टक्के मतांनी तो पार झाला. मधल्या काळात ना छपरं बदलली होती, ना मुलं.

अट खाली आणायचे प्रयत्न २००० मध्ये दोनदा झाले. मार्चमधला, साध्या बहुमताचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन ३९' आलं, ५५ टक्क्यांचं. त्याच्या प्रचारामागे जॉन डोअर आणि रीड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या सिलिकॉन व्हॅलीतल्या धनिकांचा पैसा होता. ते ५३ टक्के मतांनी मंजूर झालं. म्हणजे ५५ टक्क्यांची अट घालणाऱ्या प्रस्तावाला स्वतःची अट पेलली नसती. जार्विस यांच्या प्रस्तावालाही १९७८ मध्ये दोनतृतीयांश मतं मिळाली नव्हती, तेव्हा फिटंफाट.

सवलतीसोबत पथ्यंही आली. कामांची यादी आधी जाहीर करायची, पगारावर एक डॉलरही खर्च करायचा नाही, दरवर्षी हिशेबतपासणी करायची, आणि पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यापारी, करदाते यांच्या संघटनांतली माणसं घेऊन देखरेख समिती नेमायची. एका निवडणुकीतून बसणारा कर प्राथमिक शाळा आणि हायस्कुलं दोन्ही चालवणाऱ्या, म्हणजे युनिफाइड डिस्ट्रिक्टमध्ये नोंदलेल्या किमतीच्या दर एक लाख डॉलरमागे ६० डॉलरच्या वर जाता कामा नये, अशीही मर्यादा घातली गेली.

लॉस एंजेलिसने मग मागे वळून पाहिलं नाही. २००२, २००४, २००५, २००८ अशा लागोपाठ कौलांतून शेकडो कोटी डॉलर उभे राहिले आणि १३० हून अधिक नव्या शाळा बांधल्या गेल्या. शेवटची बारमाही शाळा, बेल हायस्कूल, २०१७ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकावर आली. देशातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक बांधकामांपैकी हे एक, आणि त्यातल्या फजित्याही तशाच मोठ्या. बेलमाँटची शाळा जुन्या तेलक्षेत्रावर बांधायला घेतली. जमिनीतून मिथेन वायू निघाला, काम थांबलं, मग खालून भूकंपाचा भ्रंश जातो असं आढळलं. आराखडा बदलून ती २००८ मध्ये उघडली, तोवर खर्च ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. ज्या अँबॅसेडर हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांना गोळ्या घातल्या, ते पाडून २०१० मध्ये उभ्या राहिलेल्या शाळासंकुलाला ५७.८ कोटी लागले. २०१३ मध्ये तर रोख्यांच्या पैशातून प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचं ठरलं. मुलांनी काही दिवसांतच त्यावरची बंधनं काढून टाकली आणि पुढच्या वर्षी योजना गुंडाळावी लागली. तीन-चार वर्षं टिकणारी वस्तू पंचवीस वर्षांच्या कर्जावर घ्यायची, हे देखरेख समितीलाही पटवून द्यावं लागलं होतं.

या सगळ्यात मत कुणाचं आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न जरा निरखून पाहण्यासारखा आहे. फ्रीमाँटमधली एकमेकांना लागून असलेली दोन सारखी घरं घ्या. एकातलं जोडपं १९७०च्या दशकापासून तिथे राहतं; घराची नोंदलेली किंमत समजा दीड लाख डॉलर. शेजारचं घर पुण्याच्या एका अभियंत्याने अलीकडे १५ लाखांना घेतलं. लाखामागे ६० डॉलर दर धरला, तर जुन्या जोडप्याला वर्षाला ९० डॉलर, अभियंत्याला ९००. तो एच-वन व्हिसावर असेल किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत, तर त्याला मत नाही. वर्षानुवर्षं कर भरतो, मुलं त्याच शाळेत जातात, आणि निवडणुकीच्या दिवशी तो ऑफिसात असतो.

इतिहासात हे नेमकं उलटं होतं. अनेक राज्यांत रोख्यांवर फक्त मालमत्ताधारकांनाच मत होतं. न्यू यॉर्कमध्ये शाळेच्या निवडणुकीत मत द्यायला स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली मालमत्ता तरी लागे किंवा शाळेत मूल तरी. १९६९ आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकापाठोपाठ निकाल देऊन या अटी मोडल्या. भाडेकरूला मत मिळालं, आणि ते योग्यच झालं. घरभाड्यातून करही तोच भरत असतो. परदेशी घरमालक मात्र मताच्या बाहेरच राहिला.

आणखी एक वर्ग कायमच बाहेर असतो, तो म्हणजे अजून न जन्मलेल्यांचा. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टच्या मतदारांनी २००८ मध्ये रोखे मंजूर केले. आश्वासन असं होतं की कराचा दर वाढणार नाही. पुढे मंदीत मालमत्तांच्या किमती घसरल्या, इमारती अर्धवट होत्या आणि दर तर वाढवायचा नव्हता. मंडळाने २०११ मध्ये तोड काढली. असे रोखे विकले, ज्यांवर वीस वर्षं मुद्दल नाही, व्याजही नाही. सगळं साचत राहणार आणि २०३३ पासून २०५१ पर्यंत फेडलं जाणार. साडेदहा कोटी डॉलर हातात आले. परतफेड ९८.१ कोटींची. वर्षभराने 'व्हॉइस ऑफ सॅन डिएगो' या स्थानिक वृत्तसंस्थेने हा हिशेब लोकांपुढे मांडला तेव्हा गदारोळ झाला. धक्कादायक बाब ही की यात बेकायदा काहीच नव्हतं. मतदारांनी रक्कम मंजूर केली होती. ती कशी फेडायची हे मतपत्रिकेवर नव्हतंच. प्रस्तावाच्या मजकुराला तिथे ७५ शब्दांची मर्यादा असते. मिशिगनने अशा रोख्यांना १९९४ मध्येच बंदी घातली होती. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून मुदत २५ वर्षांवर आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणली. पॉवेला त्याचा उपयोग नव्हता.

टेक्सासने मतपत्रिकेच्या मजकुरालाच हात घातला. तिथल्या ॲलन शहरात २००९ च्या रोख्यांतून शाळेसाठी १८,००० आसनांचं, सहा कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम झालं. २०१२ मध्ये ते उघडलं आणि २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलं. २०१९ पासून टेक्सासमध्ये शाळेच्या प्रत्येक रोखे-प्रस्तावावर 'ही मालमत्ता करातली वाढ आहे' असं ठळक अक्षरांत छापावं लागतं, आणि स्टेडियमचा प्रस्ताव वेगळा मांडावा लागतो. वर्गखोल्यांच्या पंगतीत स्टेडियम जेवून जायला नको, हा हेतू.

कौल मिळाला तरी सगळ्यांच्या पदरात सारखं पडत नाही. कॅलिफोर्नियात युनिफाइड डिस्ट्रिक्टला एकूण करपात्र मालमत्तेच्या अडीच टक्क्यांपर्यंतच कर्ज काढता येतं, फक्त प्राथमिक शाळा चालवणाऱ्याला सव्वा टक्का. सेंट्रल व्हॅलीतल्या शेतमजुरांच्या गावात असं प्राथमिक डिस्ट्रिक्ट असेल आणि सगळी मालमत्ता मिळून २० कोटी डॉलरची असेल, तर गावाने एकमुखाने होकार देऊनही २५ लाखच हाती येणार. त्यात व्यायामशाळाही उभी राहत नाही. राज्य आपल्या रोख्यांतून जोड देतं, पण १९९८ पासूनची रीत अशी की आधी स्थानिक वाटा दाखवा. ज्यांचा वाटा तयार, सल्लागार तयार, त्यांचे अर्ज आधी पोचतात.

मार्च २०२० मध्ये राज्याच्या १,५०० कोटी डॉलरच्या शालेय रोख्यांना मतदारांनी नकार दिला. योगायोगाने त्या प्रस्तावाचा क्रमांकही १३ होता, आणि काही मतदारांनी तो जार्विस यांचाच समजला, अशी चर्चा तेव्हा बरीच झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये १,००० कोटींचं 'प्रपोझिशन २' मात्र मंजूर झालं. त्यात गरीब डिस्ट्रिक्टना जोड थोडी वाढवून मिळाली.

त्याच दिवशी लॉस एंजेलिसनेही ९०० कोटींचं 'मेजर यूएस' मंजूर केलं. आजवरची तिथली सर्वांत मोठी रक्कम. विरोधकांचा सवाल सरळ होता: २००३ च्या सुमारास सात लाखांवर गेलेली पटसंख्या चार लाखांच्या घरात आली आहे, मग इतका पैसा कशाला? डिस्ट्रिक्टचं उत्तर होतं की निम्म्याहून अधिक इमारती पन्नाशीच्या पुढच्या आहेत आणि मुलं कमी झाली म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. त्यांचं दुरुस्तीबद्दलचं म्हणणं खरं आहे. किती शाळा चालू ठेवायच्या, हे मात्र मतपत्रिकेवर कुणी विचारलं नव्हतं. घरमालकांच्या बिलात त्यासाठी लाखामागे सुमारे २५ डॉलरची आणखी एक ओळ आली आहे.