दुसऱ्या खर्ड्याला कोण पोसणार?

दिवाळी सरली की नगरच्या हौशी संघांना राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागतात. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र अहिल्यानगर आहे. दिवसभर नोकरी-धंदा करून रात्री तालमी करणारी मंडळी इथे दोन अंकी नाटक उभे करतात. त्याच्या जोडीला ‘अहमदनगर महाकरंडक’सारखी एकांकिका स्पर्धा राज्यभरातले संघ शहरात आणते. नवे मराठी नाटक लिहिले जावे यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर चालणारी खरी यंत्रणा म्हणजे या स्पर्धाच.

या मातीला रंगकर्मी नवे नाहीत. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिणारे मधुकर तोरडमल नगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. अभिनेते सदाशिव अमरापूरकरही इथलेच. त्या पिढीला हौशी रंगभूमीने घडवले. आजचा लेखकही तिथूनच सुरुवात करतो. फक्त त्याला मदत कधी मिळते, हे पाहण्यासारखे आहे.

संघाला स्पर्धेत ठरावीक निर्मितीखर्च मिळतो, तो प्रयोग झाल्यावर. लेखनाचे पारितोषिक मिळते, निकाल लागल्यावर. व्यावसायिक नाटकाचे सरकारी अनुदान प्रयोगामागे आणि निर्मात्याला. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत नाटकासाठी राम गणेश गडकरींच्या नावाचा आणि पहिल्या पुस्तकासाठी विजय तेंडुलकरांच्या नावाचा पुरस्कार आहे. पण त्यासाठी आधी नाटक छापून यावे लागते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पुस्तकासाठीच. म्हणजे पहिला खर्डा आणि पहिला प्रयोग यांच्यामधले महिने लेखकाने स्वतःच्या खिशातून काढायचे.

केंद्र सरकारकडे पाहिले तर चित्र फार वेगळे नाही. १९५३ साली स्थापन झालेली संगीत नाटक अकादमी नाटककारांना गौरवते, तेही बहुधा कारकीर्द उभी राहिल्यावर. १९८४ ते १९९४ या काळातली अकादमीची तरुण रंगकर्मींसाठीची योजना प्रामुख्याने दिग्दर्शकांभोवती फिरली. संस्कृती मंत्रालयाच्या रेपर्टरी अनुदानाची रचना गुरू आणि शिष्य यांच्या मानधनावर आहे. सलग लिहायला वेळ देऊ शकेल अशी सोय म्हणजे मंत्रालयाची फेलोशिप: दोन वर्षे, कनिष्ठ गटाला दरमहा १०,००० आणि वरिष्ठ गटाला २०,००० रुपये. पण ती सगळ्या कलांसाठी आहे, आणि लेखकाला ती एकट्यानेच लिहायला बसवते. नाटक एकट्याने पुरे होत नाही. संवाद नटाच्या तोंडी गेल्यावरच त्याचे वजन कळते.

ही उणीव महाराष्ट्राने एकदा ओळखली होती. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून झालेल्या वादानंतर २७ मार्च १९७३ रोजी पुण्यात थिएटर अकॅडमी उभी राहिली. पुढे सतीश आळेकरांच्या पुढाकाराने या संस्थेने नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना राबवली. १९८५ ते १९९४ या वर्षांत या योजनांना फोर्ड फाउंडेशनचा आधार होता. लेखक आणि गावोगावचे संघ यांचा एकत्र विचार करणे, हे या उपक्रमाचे मोठेपण. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने मुंबईच्या ‘रेज’ संस्थेबरोबर ‘रायटर्स ब्लॉक’च्या कार्यशाळा घेतल्या, त्यांत पुनर्लेखनावर भर होता. अमेरिकेत ओ’नील थिएटर सेंटर १९६५ पासून नाटककारांची परिषद भरवते. तिथे नट हातात संहिता घेऊन उभे राहतात आणि लेखक बदल करत जातो.

मात्र पैसा एकाच दारातून येत असेल तर ते दार बंदही होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने अनेक नाट्यसंस्थांची मंजूर अनुदाने रद्द केली. म्हणून नाटककारांसाठी उद्या राष्ट्रीय योजना आलीच, तर ती दिल्लीहून वाटली जाणारी आणखी एक फेलोशिप असण्यापेक्षा, जिथे संघ आधीच उभे आहेत तिथे रुजलेली असावी. पैसा केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था अशा तिघांचा असावा.

स्पर्धेची केंद्रे त्यासाठी तयारच आहेत. प्राथमिक फेरीच्या सहा महिने आधी प्रत्येक केंद्रावर तीन-चार नव्या संहिता निवडाव्यात. लेखकाला मानधन, नटांकडून दोनदा अभिवाचन आणि सोबत एखादा जाणता नाटककार एवढे द्यावे. त्यानंतर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी आणि मग तालमीला जावी. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको. एक खोली आणि सात-आठ खुर्च्या पुरतात. चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडच्या लेखकाला पुण्या-मुंबईपेक्षा नगर गाठणे सोपे.

खेड्यातला लेखक काय करू शकतो, याचा पुरावा शेजारच्या मराठवाड्यात आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ गावच्या राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ राज्यभर गाजले. असे नाटक योगायोगाने येण्याची वाट पाहायची, की ते लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या खर्ड्यासाठी अंदाजपत्रकात एक ओळ घालायची, हे आता सांस्कृतिक खात्यांनी ठरवायचे आहे. खर्च एका नेपथ्याहून अधिक येणार नाही.