धुलाई यंत्र अडते तेव्हा

रायपूरच्या तात्यापारा भागातील जुने घर असो वा शंकरनगरमधील नवी सदनिका, धुलाई यंत्र ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरी पाहुणे आलेले असावेत, कपड्यांचा ढीग साचलेला असावा आणि नेमके त्याच दिवशी यंत्राने असहकार पुकारावा, हा अनुभव बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी घरातील मंडळींचा हात प्रथम दूरध्वनीकडे जातो. तत्पूर्वी दहा मिनिटे शांतपणे यंत्राकडे पाहिल्यास तंत्रज्ञाचे भेटशुल्क वाचण्याची शक्यता बरीच असते.

यंत्र सुरूच होत नसेल तर प्लगच्या जागी दुसरे एखादे उपकरण लावून वीजपुरवठा तपासावा. झाकण वा दार नीट बसले आहे का, लहान मुलांसाठी असलेले कुलूप (चाइल्ड लॉक) चुकून लागले आहे का, हेही पाहावे. या क्षुल्लक कारणांसाठी तंत्रज्ञाला पाचारण केल्याची उदाहरणे हसू यावे इतकी आहेत.

रायपुरात मात्र पाण्याचा प्रश्न अधिक लक्ष देण्याजोगा आहे. या परिसराचा पाया चुनखडीच्या खडकाचा आहे. बलौदाबाजार व तिल्दा या बाजूला सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडाच्या बळावर. त्या खडकातून झिरपलेले कूपनलिकेचे पाणी सहसा दुष्फेन, म्हणजे बोलीत ज्याला जड पाणी म्हणतात तसे, असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाचा फेस कमी होतो, कपड्यांवर पांढुरकी झाक राहते आणि पाणी तापविणाऱ्या यंत्रात हीटरवर चुन्याचा थर बसतो. थर बसलेला हीटर पाणी उशिरा तापवितो, वीज अधिक खातो व अखेरीस जळतो. खारून नदीचे नळाचे पाणी उपलब्ध असेल तर धुलाईसाठी तेच वापरावे. कूपनलिकेवाचून गत्यंतर नसेल तर यंत्रासोबतच्या पुस्तिकेत मुभा आहे का ते पाहून, दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकामे यंत्र लिंबूसत्त्व घालून गरम पाण्यावर चालवावे. त्याच वेळी क्लोरीनयुक्त ब्लीच कदापि घालू नये. त्या मिश्रणातून विषारी वायू निर्माण होतो.

पाणी भरण्यास फार वेळ लागत असेल तर तोटी बंद करून पाइप सोडवावा. यंत्राच्या मागील बाजूस, पाइप जोडला जातो तेथे एक बारीक जाळी असते. ती चिमट्याने अलगद बाहेर काढून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने धुतली की बहुधा काम भागते. जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असल्यास दोष यंत्राचा नसून दाबाचा समजावा. टाकीतील पाणी तोटीपेक्षा तीन मीटर उंच असले, तरी दाब जेमतेम ०.३ बार एवढाच मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवर टेकून ठेवलेली टाकी म्हणूनच अपुरी पडते. तिला चौथरा द्यावा किंवा छोटा दाबपंप बसवावा.

पाणी बाहेर जात नसेल तर समोरून दार असलेल्या यंत्रात खालच्या कोपऱ्यातील छोटे झाकण उघडावे. त्याआधी प्लग काढावा, पाणी गरम असल्यास निवू द्यावे आणि खाली उथळ परात ठेवावी. पंपाच्या या गाळणीत नाणी, टाचण्या, केसांचे आकडे, क्वचित गडी घातलेली नोटही सापडते. बँकेत नोट जपून मोजणारे हात खिसे तपासण्यास विसरतात, हे नवल नव्हे! अर्धस्वयंचलित यंत्रात सांडपाण्याचा पाइप तुंबतो किंवा उंचावर अडकवलेला राहतो.

पिळताना यंत्र थरथरत असेल तर चारही पाय समतल आहेत का पाहावे. चादर एकटीच टाकल्यास भार एका बाजूस जातो. नवे यंत्र पहिल्याच दिवशी नाचू लागले, तर वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट मागून काढायचे राहिलेले असतात. ते जपून ठेवावेत, बदलीच्या वेळी पुन्हा लागतात.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, जळका वास येतो किंवा यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, अशा वेळी घरगुती दुरुस्ती थांबवावी. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहू शकतो. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग सदोष असल्याची खूण. प्रथम विद्युत कारागिराला बोलवावे. उंदरांनी तारा कुरतडण्याचा प्रकारही विरळा नाही, म्हणून यंत्राच्या तळाशी जाळी लावून घ्यावी.

आता खर्चाविषयी. ‘मोटरीवर दहा वर्षे हमी’ याचा अर्थ बहुधा केवळ मोटरीपुरता असतो. मजुरी व भेटशुल्क ग्राहकालाच द्यावे लागते. हमीपत्र खरेदीच्या दिवशीच वाचावे व देयक जपावे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले असून तेथे त्यात सहभागी उत्पादकांच्या दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती मिळते. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

याहून मोठा धोका यंत्राच्या बाहेर आहे. घाईघाईने महाजालावर सेवाकेंद्राचा क्रमांक शोधला जातो आणि तेथे भामट्याने पेरलेला क्रमांक हाती लागतो. पलीकडची व्यक्ती नम्रपणे दहा रुपये ‘नोंदणीशुल्क’ मागते, दुवा पाठविते किंवा भ्रमणध्वनीवर एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगते. त्या ॲपमधून पडदा तिला दिसू लागतो आणि पाचशे रुपयांच्या दुरुस्तीपायी मुदतठेवीपर्यंतची रक्कम धोक्यात येते. क्रमांक केवळ पुस्तिकेवरून, यंत्रावरील पट्टीवरून किंवा देयकावरून घ्यावा. परतावा मिळविण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तरीही फसगत झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.