मेषेचा आरंभ कुठे? संपातचलन आणि आपली पत्रिका

(वाळूज येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आज कामाचा दिवस, त्यात तुमच्यापैकी निम्मे जण पहिली पाळी करून थेट इथे आलेले दिसतात. तेव्हा मी लांबण लावणार नाही. विषय आहे संपातचलन. नाव जड आहे, पण गोष्ट तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर आणि कपाटातल्या पत्रिकेवर रोज असते.

सुरुवात संक्रांतीपासून करू. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, उत्तरायण लागतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण तुम्ही स्वतः सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मांडून पाहा. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो आणि तिथूनच दिवस वाढू लागतो. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. म्हणजे उत्तरायण लागून तीन आठवडे उलटल्यावर आपण तिळगूळ वाटतो. हे तीन आठवडे कुठून आले?

दुसरी गोष्ट. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. तेव्हा १२ तारखेला, आता १४-१५ तारखेला. आणखी मागे जा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. ‘संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो. हिशेब केला तर त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. संक्रांत इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. याच गतीने नऊ हजार वर्षांनी ती मे महिन्याच्या मध्यात येईल. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तिळगूळ आणि बाजरीची भाकरी खाऊन बघा! (हशा)

याचं कारण पृथ्वीच्या आसात आहे. भोवरा फिरताना त्याची वेगळी गिरकी असते, आणि वेग मंदावला की त्याची मान हळूहळू गोल फिरते, ती वेगळी. पृथ्वीचंही तसंच आहे. ती पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनी जास्त आहे. त्या फुगवट्याला सूर्य आणि चंद्र ओढतात, त्यामुळे आसाची मान डुलते. हे कारण न्यूटनने १६८७मध्ये सांगितलं. एका फेऱ्याला सुमारे २५,८०० वर्षं लागतात.

आस डुलला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ध्रुवतारा बदलतो. इथून उत्तरेला, म्हणजे दौलताबाद-वेरूळच्या बाजूला तोंड करून उभे राहिलात तर क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर ध्रुव दिसतो, जवळपास अचल. पण आठव्या शतकात कैलास लेणं कोरणाऱ्या कारागिरांनी तोच तारा पाहिला, तेव्हा तो खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सातेक अंश दूर होता आणि रात्रभर लहानसं वर्तुळ काढत फिरत होता.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं तर ते क्रांतिवृत्ताला दोन ठिकाणी छेदतं. त्या छेदबिंदूंना संपात म्हणतात. सूर्य वसंतसंपातावर येतो तेव्हा दिवस-रात्र समान होतात, साधारण २१ मार्चला. आस डुलला की हे बिंदू तारकांच्या पार्श्वभूमीवर मागे मागे सरकतात, वर्षाला सुमारे ५० विकला. ७२ वर्षांत एक अंश.

हे प्रथम लक्षात आलं ते चित्रा नक्षत्रामुळे. इसवी सनापूर्वी १३०च्या सुमारास ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कस याने चित्रेचं शरदसंपातापासूनचं अंतर मोजलं. दीडशे वर्षांपूर्वी टिमोकॅरिसने ते आठ अंश नोंदवलं होतं, याला सहा मिळालं. आपल्याकडे वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठेपाशी सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने सरळ सांगून टाकलं की पूर्वीच्या शास्त्रात तसं आहे खरं, पण आता ते मकरेच्या आरंभी होतं. पुढे भास्कराचार्यांनीही अयनचलनाची चर्चा केली. गणेश दैवज्ञांनी १५२०मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिलं. त्यांनी सोपा नियम दिला: शकातून ४४४ वजा करा आणि ६०ने भागा, आले अयनांश. म्हणजे शके ४४४मध्ये शून्य आणि तिथून वर्षाला एक कला. गती थोडी जास्त धरली होती, तरी महाराष्ट्राची पंचांगं पुढे साडेतीनशे वर्षं त्यावर चालली.

आता ‘अयनांश’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. तुमच्यापैकी सीएनसी मशीन कोण चालवतं? हात वर करा. बघा, किती जण आहेत. जॉब लावल्यावर पहिलं काम काय? झीरो सेट करायचा. झीरो कुठे घ्यायचा हे जॉब सांगत नाही, ड्रॉइंग सांगतं. झीरो चार मिलिमीटर सरकवला तर जॉब तोच राहतो, पण सगळ्या पोझिशनचे आकडे बदलतात. आकाशाचं अगदी हेच आहे. बारा राशी म्हणजे ३६० अंशांचे सारखे बारा तुकडे. पहिला तुकडा कुठून मोजायचा? संपातापासून मोजला तर ती सायन पद्धत, पाश्चात्त्य ज्योतिषी ती वापरतात. एखाद्या ताऱ्याशी बांधलेल्या स्थिर बिंदूपासून मोजला तर निरयन पद्धत, ती आपली. दोन शून्यांतलं अंतर म्हणजे अयनांश. आज ते सुमारे २४ अंश आहे. २४ अंश चालायला सूर्याला सुमारे २४ दिवस लागतात. २१-२२ डिसेंबर ते १४-१५ जानेवारी, हे ते तीन आठवडे.

वर्तमानपत्रात जन्मतारखेवरून राशिभविष्य येतं, ते बहुधा सायन असतं. ५ एप्रिलला जन्मलेल्या माणसाला तिथे मेष रास मिळते. आपल्या पंचांगात त्या दिवशी सूर्य मीनेत असतो. २४ भागिले ३०, म्हणजे दहांतल्या आठ जणांची सूर्यरास या दोन पद्धतींत वेगळी येते. माणूस तोच, आकाश तेच.

तुम्ही म्हणाल, आपण निरयनवाले, आपला प्रश्न सुटला. नाही सुटला. कारण स्थिर बिंदू कोणता, यावर आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षं वाद झाला. आणि तो वाद घालणारी माणसं सामान्य नव्हती. केरो लक्ष्मण छत्रे, लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी आधुनिक वेधांवर आधारलेलं पटवर्धनी पंचांग सुरू केलं आणि रेवतीचा एक मंद तारा शून्य धरला. टिळक पंचांग त्याच पक्षाचं. बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेचा पक्ष मांडला: चित्रेच्या बरोबर समोर, १८० अंशांवर मेषेचा आरंभ. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांचं १८९६चं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आजही मानदंड आहे, ते म्हणत की सण ऋतूंशी जोडलेले असतील तर सायन पंचांगच घ्या. तीन पक्ष आणि तिन्हीकडे उत्तम गणिती. एकाच्याही गुणाकारात चूक नव्हती.

टिळकांनी तर हेच चलन घड्याळ म्हणून वापरलं. १८९३च्या ‘ओरायन’ या ग्रंथात त्यांनी मांडलं की वैदिक वाङ्मयात वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा आहेत, म्हणून तो काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपासचा. खुणांचा अर्थ लावण्यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण घड्याळाच्या गतीवर नाहीत.

शेवटी केंद्र सरकारने १९५२मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. समितीने चित्रापक्षाला जवळचा आकडा ठरवला: २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला. शब्द लक्षात घ्या, ‘ठरवला’. हा आकडा मोजून सापडत नाही. संपात कुठे आहे ते दुर्बिणीतून ठरतं. चित्रेचा तारा कुठे आहे तेही ठरतं. पण मेषेचा आरंभ चित्रेच्या समोर मानायचा की रेवतीपाशी, हे कोणतीही दुर्बीण सांगू शकत नाही. तो संकेत आहे. रस्त्याने डावीकडून चालायचं हा जसा संकेत, तसा.

आता हे मी इतकं का लावून धरतो, ते सांगतो. मी नववीत होतो. माझ्या थोरल्या बहिणीला एक स्थळ आलं होतं. दोन्ही घरं राजी होती, सुपारी फुटायची बाकी होती. पत्रिका जुळवताना एकनाडी दोष निघाला. ताईचं नक्षत्र पुष्य, मुलाचं अनुराधा, दोघांची मध्य नाडी. स्थळ मोडलं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही, पण ताई वर्षभर कुणाशी धड बोलली नाही.

पुढे पुण्याला एम. ए. करताना माझ्या घरमालकांकडे टिळक पंचांगाच्या जुन्या प्रती बांधून ठेवलेल्या होत्या. ताईच्या जन्मवर्षाची प्रत काढली. ताईचा चंद्र आमच्या पंचांगात पुष्याच्या शेवटाकडे होता. टिळक पंचांगाचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी, म्हणून तिथे तोच चंद्र चार अंश पुढे, आश्लेषेत. आश्लेषेची नाडी अंत्य. मुलाची अनुराधा तशीच राहिली. दोष गेला! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गावी पत्र टाकावं. मग आठवलं, आश्लेषा म्हटलं की सासूला वाईट असं आमच्याकडे म्हणतात. (हशा) म्हणजे या पंचांगात नवऱ्याशी जुळेना आणि त्या पंचांगात सासूशी.

तुम्ही हसलात, मीही तेव्हा हसलो. पण नंतर हिशेब मांडला. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. चार अंशांचा फरक पडला तर दहांतल्या तीन जणांचं जन्मनक्षत्र बदलतं, आठांतल्या एकाची चंद्ररास बदलते. महादशा जन्मनक्षत्रातल्या चंद्राच्या स्थानावरून काढतात, म्हणून तिचा काळ सहा वर्षांपर्यंत पुढेमागे होतो. हा गणकाचा हलगर्जीपणा नव्हे. दोन्ही पंचांगं आपापल्या शून्यापासून अचूक आहेत.

यावर ज्योतिषाचे अभ्यासक एक उत्तर देतात: ज्या अयनांशाने फळ बरोबर येतं तो खरा. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर चांगलं आहे, कारण ते परीक्षेला तयार होतं. मग परीक्षा घेऊ या. आपल्याकडे ती एका बाबतीत झालीही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास टक्के आली असती. एका चाचणीने सगळा निकाल लागत नाही, हे मान्य. पण पुढची चाचणी मांडण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग पंचांग बंद करायचं का? घरात चतुर्थी, एकादशी असते.

मुळीच नाही. उलट गंमत पाहा. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांतलं अंतर, बारा अंशांची एक तिथी. दोन पोझिशनची वजाबाकी केली की झीरो कुठेही घ्या, उत्तर तेच येतं. दोन भोकांमधलं अंतर झीरो बदलून बदलतं का? नाही ना? म्हणून चतुर्थी, अमावास्या, ग्रहण यांना अयनांश लागतच नाहीत. लागतात ते राशीला, नक्षत्राला आणि अधिक महिन्याला. अधिक महिना सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतो, म्हणून काही वर्षी टिळक पंचांग पाळणाऱ्यांचे गणपती, दिवाळी इतरांपेक्षा महिनाभर वेगळे येतात. त्यांचं कुणाचं वाईट झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

श्रोता: मुलीसाठी स्थळं बघतोय. समोरची माणसं पत्रिकेवर अडून बसतात. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका. अडलेल्या माणसाशी वाद घातला की तो जास्त अडतो. एवढंच विचारा, ‘ही पत्रिका कोणत्या अयनांशाने केली, आणि तोच का?’ बहुतेकांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. त्यावर विचार करायला त्यांना आठवडा द्या, आणि तेवढ्यात मुलाला-मुलीला एकमेकांशी निवांत बोलू द्या. माझ्या ताईला तो आठवडा कुणी दिला नाही. पुढे दोन वर्षांनी तिचं दुसरीकडे लग्न झालं, संसार चांगला झाला. पण ते स्थळ का मोडलं याचं कारण तिला पटेल असं आजतागायत कुणी सांगितलेलं नाही, मीसुद्धा नाही.

आणि जाता जाता एक घरचा अभ्यास. वैशाखात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. सप्तर्षीच्या शेपटीचं वळण तसंच खाली न्या, आधी तांबूस स्वाती लागते, तेच वळण पुढे नेलं की पांढरी निळसर चित्रा. सगळा वाद जिच्याभोवती झाला ती हीच. मुलांना बरोबर न्या.