उतारवयातील कुत्री : वेत घ्यावे की न घ्यावे?

आपल्या वऱ्हाडातील शेतकरी गुरांच्या बाजारात गाय घेताना दोन गोष्टी पाहिल्याखेरीज इसार देत नाही. तो तिचे दात पाहतो आणि 'कितव्या वेताची?' म्हणून विचारतो. गोठ्यातील जनावराविषयी इतके सावध असणारे आपण, अंगणातील कुत्रीच्या बाबतीत मात्र हे दोन्ही प्रश्न विसरतो. तिच्या तोंडावर पांढरे केस दिसू लागले की घरात बोलणे निघते, 'आता हिची आठवण म्हणून एक तरी पिल्लू असावे.' ही इच्छा प्रेमातून येते हे आम्ही जाणतो. आमच्याही घरी ती आली होती. परंतु प्रेम आपले आणि प्रसूती तिची, एवढे ध्यानात ठेवूनच या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

पुष्कळांचा समज असा की, कुत्री माजावर येते त्या अर्थी ती अजून वेतास योग्य आहे. हा समज चुकीचा आहे. स्त्रीचा ऋतू जसा एका वयानंतर थांबतो, तसा कुत्रीचा माज सहसा थांबत नाही. फक्त दोन माजांमधील अंतर वाढते. तेव्हा माज ही योग्यतेची खूण नव्हे. वयाबरोबर गर्भाशयाचे स्नायू शिथिल होतात, पिल्ले कमी होतात, मेलेली निपजण्याचा संभव वाढतो, प्रसूती अडते आणि पोट फाडण्याची वेळ येते. इंग्लंडातील केनेल क्लब ८ वर्षे पूर्ण झालेल्या मादीच्या पिल्लांची सहसा नोंदच करीत नाही. आपल्याकडेही, कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार १८ महिन्यांच्या आत मादी फळवता येत नाही आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत.

दुसरा समज याहून घातक आहे. 'एकदा तरी व्यायली म्हणजे प्रकृती चांगली राहते' असे सांगितले जाते. यास शास्त्राचा आधार नाही. उलट, उतारवयात माज सरल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा विकार उद्भवतो. कुत्री फार पाणी पिते, अन्न सोडते, कधी मायांगातून पू वाहतो. कधी तो आतच साचतो आणि पोट फुगते. अशा वेळी एक दिवसाचाही विलंब प्राणावर बेततो. या विकारावरील खरा प्रतिबंध म्हणजे वेत नव्हे, तर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. आणि ती प्रकृती धड असताना केलेली बरी.

त्यात आपला उन्हाळा! कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे फाल्गुनात फळलेली कुत्री ऐन वैशाखात विते, जेव्हा अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग निववते. अशा दिवसांत कळा सोसणे आणि मग दुपटी-तिपटीने खाऊन पिल्लांना पाजणे, हे तरण्या मादीलाही जड जाते.

तेव्हा निर्णय कसा करावा? पहिलेच वेत असेल आणि वय सहा-सातांच्या पुढे गेले असेल, तर विचार सोडून द्यावा. पूर्वी वेते झालेली असतील, तरी आठाव्या वर्षानंतर घेऊ नये. त्याआधीचे वय असल्यास हृदय, रक्त व गर्भाशय तपासून घ्यावे. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, तिचा लाभ घ्यावा. नकळत फळलीच, तर डॉक्टरांस लगेच दाखवावे. विताना अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आमच्या घरी शेवटी शस्त्रक्रियाच झाली. पुढे रस्त्यावरचे एक पोरके पिल्लू आणले. म्हातारीने दोन दिवस त्याच्यावर गुरगुरून घेतले. तिसऱ्या दिवशी ते तिच्या पोटाशी निजलेले आढळले. आठवण राहावी म्हणून तिचा जीव पणास लावण्याचे कारण उरले नाही.