लिंबोळीचा कस

परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, कुठल्याही गावचं कृषी सेवा केंद्र घ्या. कपाशीचा हंगाम लागला की फळीवर कडुलिंबाच्या अर्काची बाटली असतेच. तिच्या लेबलावर 'अझाडिरॅक्टिन' या जिभेला सहज न वळणाऱ्या नावापुढे 300, 1500 किंवा 10000 पीपीएम असा आकडा छापलेला असतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. 1500 पीपीएम म्हणजे शेकडा 0.15. बांधावरच्या ज्या झाडाखाली जून-जुलैत लिंबोळ्यांचा सडा पडतो, त्याच झाडाचा हा अर्क. तरी बांधावरची लिंबोळी पायदळी जाते आणि बाटलीला रोख पैसे मोजावे लागतात. यात कारखानदाराचा नफा आहे, जाहिरात आहे, सगळं मान्य. पण मुख्य फरक त्या आकड्याचा आहे. बाटलीत किती आहे ते कुणीतरी मोजलेलं असतं. अंगणात वाळत घातलेल्या लिंबोळीत किती आहे, ते कुणालाच ठाऊक नसतं. माझं म्हणणं असं की हे मोजमाप फार उशिरा, कारखान्याच्या दारात होतं. लिंबोळीचा कस ठरतो तो गोळा करण्याच्या आणि वाळवण्याच्या पंधरवड्यात, आणि आकडा तिथवर पोचला पाहिजे.

'कडुलिंब औषधी आहे' हे वाक्य खरं असूनही मोजणाऱ्याच्या कामाचं नाही. पान, फूल, साल, गिरी, तेल यांतला कुठला भाग आणि त्यातलं कुठलं द्रव्य, हे आधी सांगावं लागतं. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी 1942 साली कडुलिंबाच्या तेलातून निंबिन वेगळं काढलं, तेव्हापासून या झाडातली शंभराहून अधिक कडू द्रव्यं वेगळी केली गेली आहेत. अझाडिरॅक्टिन हाती आलं 1968 साली, इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांच्या. त्याआधी 1962 मध्येच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान, जोतवानी आणि राय यांनी दाखवून दिलं होतं की लिंबोळीच्या गिरीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. त्यामागचं द्रव्य पुढे सापडलं. ते किडीची भूक मारतं आणि अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. त्याची रेणुरचना इतकी गुंतागुंतीची की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला ते प्रयोगशाळेत बनवायला 22 वर्षं लागली आणि 2007 साली ते जमलं. झाड मात्र ते दर उन्हाळ्यात बनवतं, आणि मुख्यतः बियांच्या गिरीत साठवतं. चांगल्या गिरीच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण दोन ते सहा मिलिग्रॅम भरतं. पानात त्या मानाने नावापुरतं. म्हणून पाल्याचा काढा फवारून लिंबोळीच्या अर्काचा गुण मागणं व्यर्थ.

हे मोजायचं कसं? टरफल फोडून गिरी सोडवतात, कुटतात आणि आधी हेक्झेनमध्ये धुऊन तेल काढून टाकतात, कारण गिरीच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं आणि ते पुढच्या कामात लुडबुड करतं. उरलेल्या चोथ्यातून मिथेनॉलने कडू द्रव्यं ओढून घेतात. तो अर्क गाळून एचपीएलसी नावाच्या यंत्रात थेंबभर सोडतात. यंत्राचा जीव म्हणजे वीतभर लांबीची, सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांनी ठासून भरलेली पोलादी नळी. द्रावण मोठ्या दाबाने तिच्यातून रेटलं जातं आणि प्रत्येक द्रव्य त्या कणांना कमी-जास्त चिकटत आपापल्या वेळेला बाहेर पडतं. बाहेर पडताना 217 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश ते किती शोषतं यावरून पडद्यावर शिखरं उमटतात. शुद्ध अझाडिरॅक्टिनचं शिखर ज्या मिनिटाला येतं त्याच मिनिटाचं नमुन्यातलं शिखर शोधायचं आणि त्याखालच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचं. पान आणि सालीसाठी बहुधा याहून स्वस्त वाट धरतात: फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक घातला की फिनॉलिक द्रव्यांमुळे निळा रंग येतो, तो जितका गडद तितका आकडा मोठा. ही पद्धत मला थोडी संशयास्पद वाटते. हा अभिकर्मक फिनॉलपुरता इमानी नाही. क जीवनसत्त्व आणि काही शर्करासुद्धा त्याला निळं करतात. शिवाय तोच पाला पाण्यात काढला, मिथेनॉलमध्ये काढला, उन्हात वाळवला, सावलीत वाळवला, तर तीन-चार वेगळे आकडे येतात. त्यामुळे 'सालीत पानापेक्षा इतके पट जास्त' अशी वाक्यं वाचताना द्रावक कोणता आणि वाळवण कशी, हे आधी विचारावं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मराठवाड्यात दर पारावर ऐकू येईल: गुढीपाडव्याला लिंबाचा पाला हिंग-गूळ-डाळीबरोबर खाणाऱ्यांनी, धान्याच्या कणगीत पाला घालणाऱ्यांनी कुठे यंत्रं लावली होती? खरं आहे, आणि त्या वापरांना यंत्राची गरजही नव्हती, कारण पाडव्याला पाला खातात तो चिमूटभर आणि वर्षातून एकदा. पण परंपरेचं बोट सोडून प्रमाण वाढलं की चित्र पालटतं. तान्ह्या बाळांना कडुलिंबाचं तेल पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. झाड तेच, भाग दुसरा, मात्रा दुसरी. आणि परंपरेच्या बाजूने भांडायचं तरी नोंद हाताशी लागते. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुलिंबाच्या तेलावर आधारलेल्या बुरशीनाशक पद्धतीचं युरोपीय पेटंट 1994 साली मिळालं होतं. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आव्हानलं. 2000 साली ते रद्द झालं आणि मार्च 2005 मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. रद्द होण्यात अभय फडके यांच्या साक्षीचं वजन मोठं होतं: 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर अशाच अर्काच्या चाचण्या घेतल्याचं त्यांनी सांगितलं. हजारो वर्षांच्या ज्ञानाचा दाखला भावनेला भिडला असेल, पण कामी आल्या त्या साल आणि जिल्हा सांगता येणाऱ्या चाचण्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शंभर द्रव्यांतलं एकच मोजून झाडाचा कस कसा ठरणार? सालानिन आहे, निंबिन आहे, त्यांची भावंडं आहेत. ती एकमेकांना साथ देत असतील तर एका शिखराचं क्षेत्रफळ फसवं ठरेल. याला प्रयोगाचा आधारही आहे. 1995 साली कॅनडात फेंग आणि इस्मन यांनी माव्याच्या एका जातीवर चाळीस पिढ्या शुद्ध अझाडिरॅक्टिन वापरलं, तेव्हा त्या किडीत सुमारे नऊपट प्रतिकार आला. तितक्याच पिढ्या पूर्ण लिंबोळीचा अर्क वापरला तिथे तसा प्रतिकार आला नाही. म्हणजे अख्खा अर्क शहाणा, हे कबूल. पण यातून मोजणं टाळावं असं निघत नाही, उलट अधिक द्रव्यं मोजावीत असं निघतं. अझाडिरॅक्टिनचा खरा उपयोग खुणेसारखा आहे. ते या सगळ्यांत नाजूक: ऊन, उष्णता, दमटपणा, अल्कधर्मी पाणी, कशानेही मोडतं. ते शाबूत असेल तर बाकीचीही बहुधा शाबूत असतात.

कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात दर हंगामी येणारा 'पाच टक्के निंबोळी अर्क' या नजरेने तपासून पाहावा. पाच किलो लिंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. गिरी बियाच्या निम्म्याहून थोडी कमी, समजा सव्वादोन किलो. ग्रॅमला चार मिलिग्रॅम धरले तर नऊ ग्रॅम अझाडिरॅक्टिन, म्हणजे लिटरमागे 90 मिलिग्रॅम. पाण्यात त्यातला तिसरा हिस्साच उतरला असं मानलं तरी 30. उलट 1500 पीपीएमची बाटली दहा लिटरला 50 मिली या हिशेबाने घातली तर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम पडतात. म्हणजे कागदावर तरी घरचा अर्क चौपट जोरकस निघतो. अडचण त्या 'समजा' शब्दात आहे. लिंबोळी गेल्या वर्षीची असेल, प्लास्टिकच्या पोत्यात घामेजून काळी पडली असेल, डांबरी रस्त्यावर आठ दिवस कडक उन्हात पडली असेल, तर नऊ ग्रॅमचे किती उरले हे सांगता येत नाही. शिवाय इथल्या अनेक बोअरचं पाणी क्षारयुक्त, त्यात साबण. म्हणून अर्क त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर फवारावा या सूचनेला अर्थ आहे. 'घरच्या अर्काने काही होत नाही' म्हणणारा शेतकरी आणि 'रामबाण आहे' म्हणणारा शेतकरी, दोघेही खरं बोलत असतील. त्यांच्या लिंबोळ्या वेगळ्या.

मग आकडा अंगणात पोचत का नाही? कारण लिंबोळी वजनावर आणि तेलाच्या हिशेबाने विकली जाते. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचं वेष्टण सक्तीचं झालं आणि तेलाची मागणी वाढली. तिथेही मोजतात ते युरियावर तेल किती चढलं तेवढंच. तेलाला ऊन फारसं बाधत नाही, अझाडिरॅक्टिनला बाधतं. तेव्हा पिकून पिवळी पडलेली लिंबोळी वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात ठेवणाऱ्या बाईला आणि रस्त्यावर झाडूने लोटून पोतं भरणाऱ्याला एकच भाव मिळतो. दूध डेअरीत फॅट लावून भाव ठरतो, म्हणून दुधात पाणी घालणारा सापडतो. लिंबोळीला तशी कसोटीच नाही. त्यात वेचणीचा काळ नेमका मृगाच्या पेरणीचा. मजुरीला सोन्याचा भाव आलेल्या आठवड्यात कुणी सावलीत बिया का पसरत बसेल?

प्रत्येक संकलन केंद्रावर काही लाखांचं यंत्र बसवा, असं यावर कुणी म्हणणार नाही, आणि त्याची गरजही नाही. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. इक्रिसॅटबरोबर 2018 साली आणलेली 'परभणी शक्ती' ज्वारी तर दाण्यातलं लोह आणि जस्त मोजून, त्या आकड्यावर निवडलेलं वाण. दाण्यातल्या लोहासाठी जे झालं ते गिरीतल्या कडू द्रव्यासाठी होण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. दर खेपेच्या मालातून एक नमुना प्रयोगशाळेत गेला तरी पुरे. बाकीचं काम केंद्रावरच होईल: ओलावा मोजायचं हातातलं यंत्र, आणि मूठभर लिंबोळ्या फोडून गिरी हिरवट आहे की काळपट, हे पाहणारी सरावलेली नजर. हिरवट गिरीला किलोमागे थोडे जास्त पैसे, काळपटीला तेलाचाच भाव, आणि पोत्यावर वेचणीचा महिना लिहिलेला. आठ-दहा महिन्यांहून जुना माल फवारणीसाठी घेऊ नये, ही सूचना पाळायला तेवढी तारीख लागतेच.