हरलेल्या संघाला कोणती श्रेणी?

महाविद्यालयीन कबड्डी संघाचा हंगाम बहुतेकदा एका सामन्यावर संपतो. निकाल गुणफलकावरच्या दोन आकड्यांत मावतो, पण संघ खेळला कसा आणि पुढच्या वर्षी कुठे असेल, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. शिरूर आणि दौंड हे भीमेच्या अल्याडपल्याडचे तालुके. इथल्या गावांत कबड्डी बारमाही चर्चेचा विषय, त्यामुळे सामना संपला की पारावर निकालाची चिरफाड सुरू होते. ती बहुधा दोन टोकांना जाते. जिंकले तर सगळेच वाघ, हरले तर प्रशिक्षकाला खेळ कळत नाही. या दोहोंच्या मधली पद्धत म्हणजे खेळाचा एकेक भाग वेगळा काढून त्याला श्रेणी देणे.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाबतीत हा रिवाज पक्का आहे. तिथे हंगामाअखेर ‘बोल’ नावाचे सामने होतात. त्यांतला सर्वांत जुना, रोझ बोल, १९०२ मध्ये प्रथम खेळला गेला आणि मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे हरवले. सामन्यानंतर वृत्तपत्रे आक्रमण, बचाव आणि प्रशिक्षण यांना परीक्षेसारख्या वेगवेगळ्या श्रेणी देतात आणि लगोलग पुढच्या वर्षाचे भाकीत करतात. त्यात एक गोम आहे. २०१६ च्या हंगामात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामवंत खेळाडूंनी व्यावसायिक कारकीर्द समोर दिसत असताना दुखापतीचा धोका नको म्हणून बोल सामना खेळणेच टाळले. पुढे हे नित्याचे झाले. म्हणजे श्रेणी मिळते ती संघाला, पण मैदानात उतरलेला संघ हंगामभराचा संघ असतोच असे नाही.

शिरूर-दौंडकडे गोम वेगळी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा रचनेत पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. शिरूरचे चां. ता. बोरा महाविद्यालय आणि दौंडचे कि. गु. कटारिया महाविद्यालय ग्रामीण विभागात येतात. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू आणि मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालयही याच विभागातले. महाविद्यालये एकमेकांशी भिडतात ती विभागापर्यंत. तिथून निवडलेल्या खेळाडूंचा विभागाचा संघ होतो, तो आंतरविभागीय स्पर्धेत उतरतो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा ही आणखी दोन दारे.

म्हणून महाविद्यालयाच्या नावाने खेळला जाणारा सर्वांत मोठा सामना म्हणजे विभागाची अंतिम लढत, आणि तीच निवड चाचणीही असते. चढाईला निघालेल्या पोराच्या मनात दोन हिशेब चालू असतात, एक संघाच्या गुणांचा आणि दुसरा निवड समितीच्या वहीचा. आघाडी असताना रिकामे परतणे संघाच्या हिताचे असते, पण वहीत रिकाम्या चढाईला काही मिळत नाही. श्रेणी देणाऱ्याने ही ओढाताण ध्यानात घेतली नाही, तर तो स्वार्थी खेळाला धाडस समजून बसतो.

आता प्रत्यक्ष श्रेणीकडे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, सात खेळाडू आत, २० मिनिटांची दोन सत्रे आणि चढाईला कमाल ३० सेकंद. चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले तर ४० मिनिटांत ८० चढाया होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला चाळीसेक. चढाईपटूची श्रेणी ठरवताना लोक त्याने मिळवलेले गुण मोजतात आणि तिथेच थांबतात. समजा, एका गड्याने १० गुण घेतले पण तो पाच वेळा पकडला गेला. दुसऱ्याने सातच घेतले आणि तो एकदाच सापडला. प्रत्येक पकडीचा किमान एक गुण समोरच्या संघाला जातो, म्हणजे पहिल्याची निव्वळ कमाई पाच, दुसऱ्याची सहा. शिवाय पकडला गेलेला गडी बाहेर बसतो आणि त्याला आत आणण्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी गुण मिळवावा लागतो. हा खर्च गुणफलकावर दिसतच नाही. दहा गुणांच्या खेळाडूच्या गळ्यात हार पडतो, सामना बहुधा सात गुणांवाल्याने सावरलेला असतो.

गुण आले कुठून हेही पाहावे लागते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस मिळतो. बोनसवर जगणारा चढाईपटू भरल्या मैदानात चमकतो आणि समोर चारच उरले की कोरडा पडतो. त्याच्या उलट, चौघांत शिरून हात लावणारा किंवा पाय मारून येणारा खेळाडू लोण चढवण्याच्या कामाचा. संघाच्या आक्रमणाला ‘अ’ द्यायची तर दोन्ही प्रकारचे चढाईपटू लागतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर गडी बाद. ही तिसरी चढाई कोणाच्या अंगावर टाकली जाते आणि तो तिचे काय करतो, यावरून संघाचा खरा भरवशाचा माणूस कळतो.

बचावाची परीक्षा अधिक अवघड. व्यावसायिक लीगमध्येही चांगल्या बचावफळीचे निम्म्याच्या आसपास प्रयत्न फसतात, त्यामुळे महाविद्यालयीन संघाच्या पकडी सुटल्या म्हणून लगेच ‘क’ देणे अन्याय होईल. पकड सुटली का, यापेक्षा कशी सुटली हे महत्त्वाचे. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि मध्यरक्षक वेळेवर आले नाहीत, तर दोष साखळीचा. कोपरारक्षकाने चढाईपटू निदान रेषेजवळ येण्याआधीच झेप टाकली, तर दोष उतावळेपणाचा. पहिला सरावाने जातो. दुसरा स्वभावात असतो आणि तो जायला सामने खावे लागतात. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू आत असताना पकड साधली तर एक जादा गुण मिळतो, वृत्तपत्रे तिला अव्वल पकड म्हणतात. अशा पकडी वारंवार झाल्या म्हणून बचावाचे कौतुक होते. पण तिघेच उरण्याची वेळ वारंवार का आली, हे कोणी विचारत नाही.

लोणाचा हिशेब वेगळा ठेवावा. लोण चढले की समोरच्या संघाला दोन जादा गुण मिळतात आणि आपले सातही गडी पुन्हा आत येतात. दोन गुण फार वाटत नाहीत, पण लोण पडण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे संघाचा सगळा कस दाखवतात. दोघे उरले असताना वेळ काढता आला का, चढाईला कोण गेला, बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाने विश्रांतीचा वेळ तेव्हा घेतला की लोण पडून गेल्यावर? प्रशिक्षकाची श्रेणी या एका प्रश्नावर बरीचशी ठरावी. खेळाडू बदलण्याचा प्रश्न त्या मानाने किरकोळ. बारा जणांच्या संघात बदलीचे पाच असतात आणि त्यांतले दोनच कामाचे असतात, हे सर्वांना ठाऊक असते.

एवढे करूनही एका सामन्यावर किती भार टाकायचा? पुण्याच्या व्यावसायिक संघाचे, पुणेरी पलटणचे, उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये पलटण डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा हरली, १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेती ठरली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीकडून २८-३१ असा पुन्हा अंतिम सामना हरली. तीन अंतिम सामने आणि फरक चार, तीन, तीन गुणांचा, म्हणजे एखाद्या अव्वल पकडीचा किंवा लोणाचा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी संघ कमी पडला आणि दुसऱ्या वेळी अजिंक्य झाला, असे म्हणणे निकालाला धरून आहे, खेळाला धरून नाही. २०२४ च्या त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, तो अहिल्यानगर जिल्ह्यातला. अंतिम सामन्यात मात्र पलटणसाठी सर्वाधिक नऊ गुण मिळवले पंकज मोहितेने. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवले. एक गुण इकडचा तिकडे झाला असता, तर त्याच संघावर टीकेचे लेख आले असते.

तेव्हा अंतिम सामन्याची श्रेणी हा हंगामाच्या मूल्यमापनाचा एक हिस्सा, आणि तोही निम्म्याहून कमी. भविष्याचा अंदाज त्यातून फारसा निघत नाही. तो निघतो संघाच्या यादीतून.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा लागतो आणि वयाची मर्यादा सतरा ते पंचवीस आहे. पण शिरूर-दौंडकडे वय आड येण्याच्या खूप आधी नोकरी येते. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. मैदानी चाचणीत धावणारी, गोळा फेकणारी कबड्डीची पोरे भरतीच्या रांगेत पुढे असतात. पोलीस शिपायाला बारावी पुरते, म्हणजे दुसऱ्या वर्षातला उत्तम कोपरारक्षक ऐन हंगामात प्रशिक्षण केंद्रात निघून जाऊ शकतो. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तेही याच वयात खुणावते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळीची नोकरी धरली की सकाळचा सराव सुटतो. घराला याचा आनंदच असतो आणि असावाही. भाकीत करणाऱ्याने फक्त यादीत प्रत्येक नावापुढे ‘भरतीच्या तयारीत आहे का’ हा रकाना ठेवावा. तृतीय वर्षातले किती, एवढेच मोजणारा अंदाज इथे चुकतो.

मुलींच्या संघाचे गणित थोडे निराळे. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे. अंतर कमी असल्याने चढाईपटूला वळायला जागा कमी मिळते आणि साखळी लवकर आवळते, त्यामुळे चांगला बचाव असलेला संघ टिकून राहतो. पण गावाहून येणाऱ्या मुलीचा खेळ एसटीच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून असतो. सायंकाळचा सराव किती वाजता संपतो, यावर पुढच्या वर्षी किती जणी टिकतील हे बरेच ठरते, आणि प्रशिक्षकाच्या हातातली ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

नवे खेळाडू येतात ते कनिष्ठ महाविद्यालयातून आणि गावच्या मंडळांतून. चैत्र-वैशाखात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने सामने भरतात आणि तिथे मातीत तयार झालेले चढाईपटू जुलैत प्रवेश घेतात. मातीवरून मॅटवर येताना त्यांचा पहिला हंगाम बहुधा वाया जातो. मातीत अनवाणी पायाने सरकत घेतलेला पवित्रा मॅटवर बूट घातल्यावर अडतो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. उलट मॅटवर बूट नीट धरतात, त्यामुळे धडक देऊन चढाईपटूला बाहेर ढकलणारा बचावपटू मॅटवर जास्त खुलतो. म्हणून यात्रेतले नाव ऐकून नव्या चढाईपटूवर संघाची सगळी आशा ठेवणे धोक्याचे, नव्या बचावपटूवर ठेवणे त्या मानाने बरे. पुरुषांसाठी ८५ किलोची वजनमर्यादा आहे, तीही विसरून चालत नाही. दिवाळीत घरी गेलेला मध्यरक्षक परतल्यावर काट्यावर उभा राहायला कचरतो.

या सगळ्यांत वजनदार घटक कोणता, असे विचारले तर उत्तर कोपऱ्यांच्या जोडीचे. चढाईपटू एकटा घडू शकतो. डावा आणि उजवा कोपरा मात्र सोबत खेळूनच जमतात, त्यांच्या खुणा, एकाने धरल्यावर दुसऱ्याने सोडायची जागा, हे दोन हंगामांत बसते. ज्या संघाचे दोन्ही कोपरारक्षक आणखी एक वर्ष राहणार आहेत, त्याने अंतिम सामना दहा गुणांनी गमावला असला तरी त्याच्या पुढच्या वर्षाला ‘ब’च्या खाली जाऊ नये. जिंकलेल्या संघाचे दोन्ही कोपरे जाणार असतील तर करंडक कपाटात असूनही ‘क’ द्यावा लागतो. आणि ही श्रेणी कच्चीच समजायची. प्रवेश पूर्ण होऊन, भरतीचे निकाल लागून, पहिल्या सरावाला प्रत्यक्ष कोण उभे राहते हे दिसेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, आणि तोवर विभागाच्या स्पर्धेला थोडेच आठवडे उरलेले असतात.