नॅशव्हिलचा धावपथ : टेनेसी स्टेटच्या टायगरबेल्सचा मागोवा

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी महिला धावपटूंनी ऑलिंपिकमध्ये जे यश मिळवले, त्याच्या उगमाचा शोध धनसंपन्न विद्यापीठांच्या प्रशस्त क्रीडासंकुलांपर्यंत जात नाही. तो टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरातील, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एका सरकारी विद्यापीठापाशी येऊन थांबतो. १९१२ मध्ये शेती व उद्योगशिक्षणासाठी सुरू झालेली ही संस्था पुढे टेनेसी ए. अँड आय. या नावाने ओळखली गेली, १९५१ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९६८ मध्ये तिचे टेनेसी स्टेट विद्यापीठ असे नामकरण झाले. तिच्या महिला संघाला ‘टायगरबेल्स’ म्हणत. हा संघ कसा उभा राहिला, हे पाहताना तो ज्या समाजव्यवस्थेत उभा राहिला तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही, कारण त्याचा उत्कर्ष आणि त्याची पुढील पीछेहाट या दोन्हींची मुळे त्या व्यवस्थेतच आहेत.

शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील गोऱ्या महिलांच्या शिक्षणसंस्थांत शारीरिक शिक्षण देणाऱ्या अनेक शिक्षिकाच स्त्रियांच्या चुरशीच्या स्पर्धांना विरोध करीत असत. घाम गाळणे आणि धापा टाकणे स्त्रीत्वाला शोभत नाही, शरीराला अपायकारक आहे, असा समज तेथे दृढ होता. श्रमाचे जिणे ज्यांच्या आई-आज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आले होते, त्या समाजात या नाजूकपणाच्या कल्पनेला फारसे बळ नव्हते. त्यामुळे गोऱ्या संस्थांनी मोकळे सोडलेले मैदान कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी व्यापले. त्यांत अग्रेसर होती अलाबामा राज्यातील टस्कीगी ही संस्था. क्लीव्हलंड ॲबट यांच्या मार्गदर्शनाखाली तिच्या महिला संघाने १९३७ ते १९५१ या पंधरा वर्षांत राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद चौदा वेळा जिंकले. शालेय मुलींना उन्हाळ्याच्या सुटीत संस्थेत बोलावून प्रशिक्षण देण्याची टस्कीगीची पद्धत पुढे नॅशव्हिलने उचलली आणि तिला अधिक काटेकोर रूप दिले.

नॅशव्हिलमधील महिला संघाची सुरुवातही टस्कीगीच्याच वारशातून झाली, कारण त्याच्या पहिल्या प्रशिक्षक जेसी ॲबट या क्लीव्हलंड ॲबट यांच्या कन्या होत्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये येथील ऑड्री पॅटरसन यांनी २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी महिला ठरल्या. टस्कीगीत घडलेल्या ॲलिस कोचमन यांनी त्याच स्पर्धेत उंच उडीचे सुवर्णपदक पटकावले आणि इतिहासाने साहजिकच त्यांचे नाव अधिक जपले. तथापि पहिलेपणाचा मान पॅटरसन यांचा आहे, आणि त्याची नोंद आजवर व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

संघाला खरे स्वरूप दिले ते एड टेंपल यांनी. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्गहून धावपटू म्हणून नॅशव्हिलला आलेल्या टेंपल यांच्याकडे १९५० च्या दशकाच्या आरंभी, पदवीनंतरच्या शिक्षणाच्या काळातच, महिला संघ सोपविण्यात आला. त्यासाठी महिना १५० डॉलरचे मानधन होते आणि त्यात विद्यापीठाचे टपाल कार्यालय सांभाळण्याचे कामही धरलेले होते. १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ते या पदावर राहिले आणि त्याबरोबरच विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापनही करीत राहिले. सरावासाठी लाभलेला धावपथ अपुरा होता. तो कोळशाची राख दाबून तयार केलेला, पावसात चिखल आणि उन्हात धूळ होणारा असा होता. महिला खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. विद्यापीठाच्या कार्यालयांत रोज ठरावीक तास काम करून त्या शिक्षणाचा खर्च भागवीत असत. परगावच्या स्पर्धांना संघ मोटारीने जाई आणि सोबत शिदोरी बांधून नेई, कारण दक्षिणेतील बहुतेक उपाहारगृहे आणि निवासगृहे कृष्णवर्णीयांना दार उघडत नसत. उन्हाळी शिबिरात दिवसातून तीन वेळा सराव चाले. शिस्त कडक होती, अभ्यासातील हयगयीला क्षमा नव्हती, आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर नीटनेटके दिसण्याबाबतही टेंपल आग्रही असत. या शेवटच्या आग्रहावर आज आक्षेप घेता येईल; परंतु मैदानावरील स्त्रीला, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रीला, पुरुषी ठरवून हिणवण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले की त्यामागची बचावाची भूमिका समजते.

मे फॅग्ज या न्यूयॉर्क परिसरातील धावपटू १९५२ मध्ये या संघात आल्या तेव्हा त्या दोन ऑलिंपिकचा अनुभव गाठीशी असलेल्या सुवर्णपदक विजेत्या होत्या. (ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी रिले शर्यतीचे सुवर्ण मिळवले, त्याच स्पर्धेत मुंबईच्या मेरी डिसूझा भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिकपटूंपैकी एक म्हणून १०० आणि २०० मीटर धावल्या होत्या.) फॅग्ज यांच्या येण्याने संघातील नवख्या मुलींना आपल्यातूनच एक आदर्श मिळाला. १९५५ मध्ये संघाने राष्ट्रीय मैदानी अजिंक्यपद प्रथमच जिंकले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रुडॉल्फ व इझाबेल डॅनियल्स या चौघींनी, म्हणजे सर्वस्वी टेनेसीच्या चमूने, अमेरिकेला ४ × १०० मीटर रिलेचे कांस्यपदक मिळवून दिले.

चौघी एकाच विद्यापीठाच्या असण्याचे महत्त्व तांत्रिकही आहे. रिले शर्यतीत प्रत्येक धावपटूने हातातील बॅटन पुढच्या धावपटूकडे ठरावीक पट्ट्याच्या आतच सोपवायची असते, आणि घेणारीने मागे न पाहता, वेग धरलेला असतानाच हात मागे करून ती घ्यायची असते. पाऊल किंचित लवकर पडले तर बॅटन पोहोचत नाही, उशिरा पडले तर वेग मोडतो. ही जुळणी वैयक्तिक वेगाने साधत नाही, ती रोजच्या एकत्र सरावाने साधते. निरनिराळ्या राज्यांतून निवडलेल्या आणि स्पर्धेपूर्वी जेमतेम काही आठवडे एकत्र आलेल्या राष्ट्रीय चमूंना ती सहसा लाभत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा रुडॉल्फ या चार टायगरबेल्सनी उपांत्य फेरीत ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि अंतिम फेरी ४४.५ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्या सुवर्णपदकात नॅशव्हिलच्या राखेच्या धावपथावरील कैक सकाळींचा वाटा होता.

रोमने रुडॉल्फ यांना जगभर पोहोचविले. बावीस भावंडांत विसाव्या, बालपणी पोलिओमुळे पायात आधाराची पट्टी वागवणाऱ्या या मुलीने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकली. ॲथलेटिक्समध्ये कोणत्याही अमेरिकी महिलेने तोवर हे साधले नव्हते. महिला संघाच्या ऑलिंपिक प्रशिक्षकपदीही त्या वेळी टेंपलच होते. या यशाला शीतयुद्धाची पार्श्वभूमी होती. १९५८ पासून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात दुहेरी ॲथलेटिक्स सामने सुरू झाले होते, आणि सोव्हिएत पक्ष पुरुष व महिलांचे गुण एकत्र मोजत असल्याने अमेरिकेला आपल्या महिला धावपटूंची गरज अकस्मात जाणवू लागली होती. जो देश या मुलींना रस्त्यावरील उपाहारगृहात बसू देत नव्हता, तोच परदेशात त्यांना आपल्या स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून मिरवीत होता.

ही विसंगती रुडॉल्फ यांनी मुकाट्याने स्वीकारली नाही. त्यांच्या गावी, क्लार्क्सव्हिल येथे, स्वागतसमारंभ ठरला तेव्हा तो गोऱ्या व कृष्णवर्णीय नागरिकांसाठी वेगवेगळा होणार असेल तर आपण येणार नाही, अशी त्यांची अट होती. ऑक्टोबर १९६० मधील ती मिरवणूक आणि भोजन हे त्या गावातील पहिले एकत्रित सार्वजनिक समारंभ ठरले. विद्यापीठाची स्थिती मात्र अवघड होती. त्याच वर्षाच्या आरंभी नॅशव्हिलच्या दुकानांतील केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या भोजनटेबलांवर बसून झालेल्या सत्याग्रहात येथील विद्यार्थी सामील झाले होते, आणि १९६१ मध्ये आंतरराज्य बसप्रवासातील वर्णभेदाविरुद्धच्या ‘फ्रीडम राइड्स’ या आंदोलनात उतरलेल्या चौदा विद्यार्थ्यांना विद्यापीठाने काढून टाकले. राज्य सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कृष्णवर्णीय संस्थेला पदके मिरवणे जितके सोपे होते तितके आपल्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहणे सोपे नव्हते, आणि हा या संस्थेच्या इतिहासातील क्लेशदायक भाग आहे.

१९६४ च्या टोकियोत जॉर्जिया राज्यातील दोन मुली, वायोमिया टायस आणि इडिथ मॅग्वायर, अनुक्रमे १०० आणि २०० मीटरच्या विजेत्या ठरल्या. दोघीही शालेय वयात टेंपल यांच्या उन्हाळी शिबिरातून आलेल्या होत्या. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत मॅडलिन मॅनिंग यांनी ८०० मीटरचे सुवर्ण मिळवले, आणि टायस यांनी ११.० सेकंदांच्या विश्वविक्रमासह १०० मीटरचे विजेतेपद राखले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत तोवर कोणीही, पुरुषानेही, जिंकली नव्हती. मात्र दुसऱ्याच दिवशी कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदकमंचावर मूठ उंचावून वर्णभेदाविरुद्ध केलेल्या निषेधाकडे जगाचे लक्ष गेले. टायस यांनी आपले रिलेचे सुवर्ण त्या दोघांना अर्पण केले, पण या घटनेच्या पुढील वृत्तान्तांत त्यांच्या कृतीला क्वचितच जागा मिळाली. हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणणे कठीण आहे.

यानंतर चित्र पालटले. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई करणारा, ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा १९७२ मध्ये झाला. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांना महिला संघ उभारून शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. त्यापूर्वीच वर्णभेदाने बंद ठेवलेली दारेही कायद्याने उघडली होती. ज्या मुलींना एके काळी नॅशव्हिलखेरीज दुसरी वाट नव्हती, त्यांच्यापुढे आता अद्ययावत धावपथ, वैद्यकीय सेवा आणि पूर्ण शिष्यवृत्ती देणारी डझनावारी विद्यापीठे होती. टायगरबेल्सनी आपल्या कामगिरीतून जो न्याय जवळ आणला, त्याच न्यायाने त्यांची मक्तेदारी संपविली. तरीही ती एकदम ओसरली नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये टेनेसीच्या शँड्रा चीझबरो यांनी ४०० मीटरचे रौप्य आणि दोन्ही रिलेंची सुवर्णपदके जिंकली. त्यांतील ४ × ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वलसम्मा आणि वंदना राव यांचा भारतीय चमूही सातवा आला होता. टेंपल यांच्या निवृत्तीनंतर संघाची सूत्रे चीझबरो यांच्याकडेच आली.

टेंपल २०१६ मध्ये निवर्तले. त्यांच्या हाताखालील धावपटूंनी ऑलिंपिकमध्ये तेवीस पदके मिळवली, त्यांपैकी तेरा सुवर्णपदके होती. पण ते स्वतः ज्या आकड्याचा उल्लेख अभिमानाने करीत तो निराळा होता. त्यांच्या चाळीस ऑलिंपिकपटूंपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी पूर्ण केली. व्यावसायिक क्रीडाजीवन महिलांना उपलब्ध नसलेल्या त्या काळात ही पदवीच त्यांची उपजीविका ठरली: फॅग्ज व विल्यम्स ओहायोत, तर हडसन व डॅनियल्स जॉर्जियात शिक्षिका झाल्या, आणि मॅग्वायर यांनीही अध्यापनाचाच मार्ग धरला.